‘जीव वाचला ना’ हे उत्तर पुरेसं नाही

डोक्याला मार लागलेल्या पेशंटच्या नातेवाइकानं वॉर्डात कधी विचारलं, की यांचे दात घासायचे का आणि कसे, तर एक उत्तर हमखास मिळतं : अहो, जीव वाचला ना, दातांचं काय घेऊन बसलात? हे उत्तर कधी डॉक्टर देतात, कधी सिस्टर देतात, कधी शेजारच्या खाटेजवळ बसलेले लोक देतात. घरी आल्यावर भेटायला येणारे पाहुणेही तेच म्हणतात. त्यात कुणाचा दुष्टावा नसतो. कवटी उघडून रक्ताची गाठ काढलेली असते, माणूस आठवडाभर व्हेंटिलेटरवर असतो, त्यापुढे दात ही बारीकसारीक बाब वाटणं स्वाभाविक आहे. पण हे उत्तर चुकीचं आहे, आणि ज्या जिवाची ग्वाही ते देतं त्याच जिवाला त्यातून धोका होतो. म्हणून त्याचा प्रतिवाद करायला हवा.

माझं म्हणणं सरळ आहे. मेंदूला इजा झालेल्या माणसाचं तोंड साफ ठेवणं हा त्याच्या उपचाराचा भाग आहे. गोळ्या जशा लिहून देतात तसंच ते लिहून दिलं पाहिजे, घरच्यांना शिकवलं पाहिजे, आणि ते कुणी करायचं हे ठरलं पाहिजे. आज बहुतेक पेशंट यातलं काहीही न होता घरी येतात. असं का होतं याची जी कारणं दिली जातात, ती एकेक करून तपासली तर त्यातलं एकही टिकत नाही.

कुर्ल्यातल्या माणसाला डोक्याच्या इजेचा विषय परका नाही. ९ डिसेंबर २०२४ च्या रात्री इथल्या एस. जी. बर्वे मार्गावर ३३२ क्रमांकाची बेस्टची इलेक्ट्रिक बस माणसांवर आणि गाड्यांवर आदळत गेली. सुरुवातीलाच सात बळी गेले, पुढच्या दिवसांत तो आकडा वाढला, आणि चाळीसहून अधिक लोक जखमी झाले. जखमींना भाभा रुग्णालयात नेलं, काहींना शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात. तो अपघात एका जागी, एका रात्रीत घडला म्हणून साऱ्या देशाला कळला. बाकीचे सुटेसुटे घडतात. एलबीएस मार्गावर दुचाकी घसरते, कुणी रूळ ओलांडताना सापडतो, कुणी लोकलच्या दारातून पडतो, कुणी बांधकामाच्या परांचीवरून खाली येतो. शिवाय मेंदूची इजा केवळ अपघातानंच होते असंही नाही. रक्तदाबाची गोळी चुकवलेल्या माणसाला पहाटे अर्धांगवायूचा झटका येतो, तीही मेंदूचीच इजा. ही सगळी माणसं काही दिवस बातमीत, रजिस्टरमध्ये, यादीत असतात. मग ती नेहरूनगरच्या, कसाईवाड्याच्या, जरीमरीच्या खोल्यांत परत येतात आणि त्यानंतर त्यांचं काय होतं याची कुठंच मोजदाद होत नाही.

रस्ते अपघातातल्या जखमींसाठी केंद्र सरकारनं मे २०२५ मध्ये रोखरहित उपचारांची योजना लागू केली. दीड लाख रुपयांपर्यंत आणि सात दिवसांपर्यंतचा उपचार तीत येतो. योजना चांगली आहे, पहिल्या तासांत पैशावाचून माणूस मरू नये हा तिचा हेतू योग्यच आहे. पण मेंदूची इजा सात दिवसांत आवरत नाही. आठव्या दिवसापासून महिनोन्‌महिने जे चालतं, ते घरच्यांच्या हातांवर चालतं. तोंडाचा प्रश्न नेमका तिथं उभा राहतो.

आता तोंड इतकं महत्त्वाचं का, ते पाहू. धडधाकट माणसाच्या तोंडात दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. आपण ती नकळत गिळत राहतो आणि तिच्याबरोबर तोंडातले जंतू नि अन्नाचे कण पोटात जातात, तिथल्या आम्लात त्यांतले बहुतेक संपतात. चावताना, बोलताना, जीभ फिरवताना तोंड दिवसभर आपोआप धुतलं जातं. मेंदूला इजा झाली की हे सगळं एकाच वेळी बंद पडतं. शुद्ध अर्धवट असते, जबडा उघडा राहतो, श्वास तोंडानं चालतो, ऑक्सिजनचा मास्क लाळ सुकवतो, काही औषधंही तोंड कोरडं पाडतात. जिभेवर आणि टाळूवर पिवळट खपल्या धरतात. दातांवर चिकट थर साचतो आणि थोड्याच दिवसांत त्यातले जंतूही बदलतात. रुग्णालयात वावरणारे, औषधांना सहजी दाद न देणारे जंतू तिथं ठाण मांडतात. त्याच काळात गिळण्याचे स्नायू ढिले पडलेले असतात, म्हणून जंतूंनी भरलेली लाळ श्वासनलिकेत उतरते. आपल्याला अशा वेळी जोराचा ठसका लागतो. या पेशंटला पुष्कळदा तो लागतच नाही. घरच्यांना काही कळत नाही आणि दोन-चार दिवसांनी ताप, धाप आणि छातीत घरघर सुरू होते.

हा ॲस्पिरेशन न्यूमोनिया. डोक्याच्या जखमेतून वाचलेल्या आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसाला पुन्हा आयसीयूत नेणारं हे एक प्रमुख कारण आहे. अमेरिकेत सुझन लँगमोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये वयस्कर पेशंटचा अभ्यास प्रसिद्ध केला. न्यूमोनिया कुणाला होतो, हे त्यांना शोधायचं होतं. गिळता न येणं हे एकच कारण पुरेसं ठरलं नाही. दुसऱ्याच्या हातानं जेवावं लागणं, तोंडाच्या सफाईसाठी दुसऱ्यावर अवलंबून असणं, किडलेल्या दातांची संख्या आणि नळीनं अन्न देणं या गोष्टी ठळकपणे पुढे आल्या. जपानात ताकेयोशी योनेयामा यांच्या गटानं ११ वृद्धाश्रमांत दोन वर्षं प्रयोग केला. निम्म्या लोकांचं तोंड प्रत्येक जेवणानंतर काळजीवाहकांनी साफ केलं, उरलेल्यांचं नेहमीसारखं चालू राहिलं. २००२ मध्ये निष्कर्ष आला : नेहमीच्या गटात १९ टक्के लोकांना न्यूमोनिया झाला, सफाईच्या गटात ११ टक्के लोकांना. ज्यांना एकही दात नव्हता त्यांनाही फायदा झाला. हे लोक अपघातातले नव्हते, वृद्धाश्रमातले होते, हे मान्य. पण परावलंबी माणूस, गिळण्यात अडचण आणि अस्वच्छ तोंड हे त्रिकूट दोन्हीकडे एकच आहे.

आता आक्षेपांकडे वळतो. सगळ्यात जास्त ऐकू येणारा आक्षेप असा : पेशंट तोंडानं काही खातच नाही, सगळं नळीनं जातं, मग तोंडात घाण होईलच कशी? नाकातून पोटात गेलेली राइल्स ट्यूब असली की घरातला प्रत्येक जण हा तर्क करतो. तो पटण्यासारखा वाटतो आणि पूर्णपणे उलटा आहे. जे तोंड चावत नाही, त्यात लाळ पुरेशी सुटत नाही आणि सुटलेली लाळ गिळली जात नाही. म्हणून नळीवरच्या पेशंटच्या दातांवर कीटण लवकर चढतं, आणि जंतूंची वाढही जास्त होते. शिवाय नळीमुळे पोटातलं दूध वर येऊन घशात रेंगाळू शकतं. जेवणारा माणूस निदान पाण्याचा घोट घेतो, चूळ भरतो. नळीवरच्या माणसाला यातलं काहीच करता येत नाही. ज्याच्या तोंडात अन्न जात नाही, त्याच्याच तोंडाकडे सगळ्यात जास्त लक्ष द्यावं लागतं. हे एक वाक्य नळी घालतानाच नातेवाइकांना सांगितलं तरी पुढचे कितीतरी ताप टळतील.

दुसरा आक्षेप भीतीचा आहे, आणि तो मी हलका मानत नाही. ब्रश घातला तर ठसका लागेल, हिरड्यांतून रक्त येईल, पेशंट कचकन चावेल. ही भीती खरी आहे. मेंदूच्या इजेनंतर काहींच्या जबड्यात अशी प्रतिक्रिया उरते, की दातांना किंवा हिरडीला काही लागलं की तोंड घट्ट मिटतं. तिथं बोट घातलं तर बोट जाईल. कुर्ल्यासारख्या ठिकाणी आणखी एक अडचण वारंवार भेटते. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्याला बंदी आहे, तरी वर्षानुवर्षं गुटखा-सुपारी चघळलेल्या माणसांचे गाल आतून आवळलेले असतात आणि तोंड दोन बोटांइतकंही उघडत नाही. पण या सगळ्यावरून सफाई करू नये असं ठरत नाही. ती नीट शिकवून करावी, एवढंच ठरतं. इन्सुलिनच्या सुईत धोका आहे म्हणून आपण मधुमेहाच्या पेशंटला वाऱ्यावर सोडत नाही, सुई कशी टोचायची ते शिकवतो.

पद्धत अवघड नाही. पेशंटचं डोकं आणि छाती ३० ते ४५ अंश उंच करायची, बसवता येत असेल तर बसवायचं, तेही जमत नसेल तर कुशीवर वळवायचं, म्हणजे तोंडातलं पाणी घशात न जाता गालातून बाहेर येतं. हनुवटी किंचित खाली ठेवायची. आपण काय करणार आहोत ते पेशंटला सांगायचं, त्याला कळत नाही असं वाटलं तरी सांगायचं. एकदम ब्रश खुपसायचा नाही. आधी गालाला, मग ओठांना, मग हिरडीला हात लावत जायचं, म्हणजे त्याचं तोंड स्पर्शाला सरावतं. लहान मुलांचा मऊ ब्रश घ्यायचा, तो पाण्यात बुडवून झटकायचा, फेस न करणारी पेस्ट असेल तर अगदी पुसटशी लावायची, नसेल तर नुसता ओला ब्रशही चालतो. दातांच्या बाहेरच्या बाजू आधी, मग आतल्या, मग जीभ. ज्या बाजूचा चेहरा लुळा पडलाय तिकडच्या गालात अन्न किंवा औषधाची पूड साचून राहते, तिथं मुद्दाम बघायचं. साठलेलं पाणी सक्शननं किंवा गॉजनं टिपत जायचं. ब्रशवर दात आवळले तर ओढाताण करायची नाही. हात थांबवायचा, जबड्याजवळून हलकेच कुरवाळायचं, पकड आपोआप सुटते. दातांच्या मध्ये बोट कधीही घालायचं नाही. कवळी असेल तर काढून धुवायची आणि रात्री तोंडाबाहेरच ठेवायची. दिवसातून दोनदा ब्रश, आणि मधल्या वेळात ओठ नि तोंड ओलसर राहील इतकं पुसणं.

रक्ताचंही तसंच. हिरड्या सुजल्या म्हणून रक्त येतं, आणि त्या सुजतात त्या साचलेल्या थरामुळे. रक्त दिसलं म्हणून ब्रश बंद केला तर सूज वाढते आणि रक्तही वाढतं. अर्धांगवायूनंतर रक्त पातळ ठेवणारी औषधं चालू असतील, तर ब्रश अधिक मऊ घ्यावा, हात हलका ठेवावा आणि रक्त थांबेनासं झालं तर डॉक्टरांना दाखवावं. सफाई सोडून देणं हा उपाय कुठल्याच स्थितीत नाही.

खरा धोका कशात आहे, त्याकडे मात्र कुणी बोट दाखवत नाही. अर्धवट शुद्धीतल्या माणसाच्या तोंडात मायेनं चमच्यानं पाणी सोडलं जातं, जिभेवर मध लावला जातो, तीर्थाचे थेंब घातले जातात. गिळण्याची तपासणी झालेली नसताना असं काहीही घालणं म्हणजे ते थेट फुप्फुसात पाठवण्याचा धोका पत्करणं. घरातल्या एखाद्या आजीला आयुष्यभर मशेरीची सवय असते, म्हणून नात प्रेमानं बोटावर मशेरी घेऊन तिच्या हिरड्यांना लावते. आजीला बरं वाटेल हा विचार चांगला आहे, पण तो तंबाखू आहे आणि त्यानं हिरड्या आणखी खराब होतात. या गोष्टी लोक अज्ञानापोटी करत नाहीत, मायेपोटी करतात. त्यांना योग्य वाट कुणी दाखवलेलीच नसते.

तिसरा आक्षेप जाणकारांकडून येतो : आम्ही माउथवॉशचा बोळा फिरवतोच की. अनेक वॉर्डांत ‘माउथ केअर’ म्हणजे चिमट्यात धरलेला कापसाचा बोळा, कधी ग्लिसरीनमध्ये, कधी क्लोरहेक्सिडीनमध्ये बुडवलेला. बोळा वरवरची ओल देतो, दातांवरचा चिकट थर त्यानं निघत नाही. ग्लिसरीननं थोड्या वेळानं तोंड उलट कोरडं पडतं, आणि त्यात लिंबू असेल तर दातांच्या कवचाला इजा होते. क्लोरहेक्सिडीनवर अनेक वर्षं भिस्त होती, पण २०१४ मध्ये जुन्या चाचण्या एकत्र तपासल्या तेव्हा त्याचा ठोस फायदा दिसला नाही, काही पेशंटमध्ये तोट्याचीही शंका आली. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या रुग्णालय-संसर्ग तज्ज्ञांच्या संघटनांनी व्हेंटिलेटरवरच्या पेशंटसाठी आपल्या सूचना बदलल्या : रोज ब्रशनं तोंड साफ करा, क्लोरहेक्सिडीन वगळा. त्यानंतर २०२३ च्या अखेरीस १५ चाचण्यांचा एकत्रित आढावा आला. ब्रशनं दात घासलेल्या पेशंटमध्ये रुग्णालयात होणारा न्यूमोनिया सुमारे एक तृतीयांशानं कमी होता, आयसीयूतले मृत्यूही कमी होते. हा फायदा प्रामुख्यानं व्हेंटिलेटरवरच्या पेशंटमध्ये दिसला, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण त्यातून एवढं नक्की निघतं, की महागड्या द्रवापेक्षा साध्या ब्रशची हालचाल जास्त उपयोगाची आहे.

चौथी गोष्ट आक्षेप म्हणून कुणी बोलून दाखवत नाही, पण तीच मला सगळ्यात अस्वस्थ करते. पेशंट चिडतो, मान झटकतो, घास नाकारतो, रात्रभर कण्हतो, हात उगारतो. घरचे म्हणतात, डोक्याला मार लागलाय ना, त्याचा परिणाम. डॉक्टरही पुष्कळदा तेच धरून चालतात आणि शांत करणारी गोळी वाढवतात. मेंदूच्या इजेनंतर असा चिडचिडीचा टप्पा येतो, हे खरं आहे. पण ज्याला बोलता येत नाही त्याची दाढ दुखत असेल तर तो दुसरं काय करणार? अपघातात दात तुटलेला असू शकतो, हलत असू शकतो. हलणारा दात निसटून श्वासनलिकेत जाऊ शकतो. हिरडीत पू झालेला असू शकतो. हे कळायला टॉर्च लावून तोंडात बघावं लागतं, आणि ते दोन मिनिटांचं काम न करता माणसाला झोपवून टाकणं हा त्याच्यावरचा अन्याय आहे. स्वतःच्या दातदुखीनं आपण रात्री येरझारा घालतो, कुणालातरी सांगतो, लवंग धरतो, सकाळी दवाखाना गाठतो. त्याच्याकडे यातलं एकही साधन नाही.

यातच फिटच्या औषधाचा मुद्दा येतो. डोक्याच्या इजेनंतर फिट येऊ नये म्हणून फेनिटॉइन देतात, जे आपल्याकडे एप्टोइन या नावानं घरोघरी ठाऊक आहे. हे औषध दीर्घकाळ घेणाऱ्यांपैकी निम्म्यापर्यंत लोकांच्या हिरड्या वाढतात, कधी इतक्या की दात झाकले जातात. तोंड अस्वच्छ असेल तर ही वाढ जास्त होते. इजेनंतरच्या सुरुवातीच्या फिट रोखण्यासाठी हे औषध प्रामुख्यानं पहिल्या आठवड्यात द्यायचं असतं, तरी अनेक पेशंटच्या कागदावर ते महिनोन्‌महिने तसंच पुढे चालू राहतं. गोळी स्वतःच्या मनानं बंद करणं धोक्याचं आहे, तसं कुणीही करू नये. पण ती अजून लागते का, हिरड्यांकडे कोण बघतंय, हे दोन प्रश्न प्रत्येक तपासणीला डॉक्टरांना विचारायचा पेशंटचा हक्क आहे.

पाचवा आक्षेप व्यवस्थेचा : वेळ कुठंय, माणसं कुठंत? एका सिस्टरकडे किती खाटा असतात हे बघितलेलं कुणीही या प्रश्नाला उडवून लावणार नाही. मीही लावत नाही. पण याच शहराच्या पालिका रुग्णालयातला एक इतिहास या आक्षेपाला उत्तर देतो. २७ नोव्हेंबर १९७३ ला परळच्या केईएम रुग्णालयात अरुणा शानबाग या नर्सवर हल्ला झाला, गळा आवळल्यानं मेंदूला प्राणवायू पोचला नाही, आणि त्या पुढचा ४१ वर्षांहून जास्त काळ तिथंच अंथरुणावर राहिल्या. केईएमच्या नर्सनी पिढ्यान्‌पिढ्या त्यांना सांभाळलं. दयामरणाची याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली आणि ७ मार्च २०११ ला निकाल आला, तेव्हा इतक्या वर्षांत त्यांना एकही बेडसोअर झालेला नाही ही गोष्ट न्यायालयानं गौरवानं नोंदवली. कुठलंही महाग यंत्र त्यामागं नव्हतं. एका पाळीनं दुसऱ्या पाळीकडे सोपवलेलं काम होतं आणि ते करणाऱ्यांना त्याचा अभिमान होता.

त्याच याचिकेत एक वाक्य दातांबद्दल होतं. दात किडले आहेत आणि त्यांच्या असह्य वेदना होतात, असं याचिकेत म्हटलं होतं. याचिका आणि रुग्णालयाचं म्हणणं यांत तफावत होती, म्हणून न्यायालयानं तीन डॉक्टरांचं पथक नेमलं होतं. त्यामुळे त्या एका वाक्यावरून मी कुणाला दोष देणार नाही, आणि त्या नर्सना तर मुळीच नाही. १८ मे २०१५ ला अरुणा शानबाग न्यूमोनियानं गेल्या, त्याचाही संबंध मी तोंडाशी जोडत नाही. मला एवढंच दाखवायचंय, की देशभर गाजलेल्या त्या चर्चेत दातांचं वाक्य कुणाच्या लक्षात राहिलं नाही, आणि पाठीची निगा सगळ्यांच्या लक्षात राहिली. पाठीची जखम ही वॉर्डाची नामुष्की मानली जाते. तोंडातली सड पेशंटचं नशीब मानली जाते. पाठ वाचवणं हे कर्तव्य आहे असं नर्सिंगनं एकदा ठरवलं आणि ती वाचू लागली. तोंडाबद्दलही तसंच ठरवता येतं.

वेळेचा हिशेबही करून बघू. एका पेशंटला पाच मिनिटं धरली तर दहा परावलंबी पेशंटच्या एका फेरीला पन्नास मिनिटं लागतात. हा वेळ थोडा नाही. पण एका न्यूमोनियाला किती वेळ लागतो? तासातासाचं सक्शन, महागडी अँटिबायोटिक्स, एक्स-रे, पुन्हा आयसीयूची खाट, आणि त्या खाटेसाठी बाहेर ताटकळणारा दुसरा कुणी. शिवाय हे सगळं सिस्टरच्याच माथी मारायचं कारण नाही. पालिकेचं स्वतःचं नायर दंत महाविद्यालय आहे, राज्य सरकारचंही मुंबईत दंत महाविद्यालय आहे. बीडीएसचे विद्यार्थी इंटर्नशिप करतात. आठवड्यातून एक दिवस त्यांची फेरी न्यूरोसर्जरीच्या आणि मेडिसिनच्या वॉर्डांत लावता येते. त्यातून पेशंटला फायदा होईल, आणि जो पेशंट खुर्चीत बसू शकत नाही त्याचं तोंड कसं तपासायचं, हे भावी दंतवैद्यांना शिकायला मिळेल. नातेवाईक तर चोवीस तास खाटेशी असतातच. त्यांना चहा आणायला, रिपोर्ट आणायला, रक्ताची बाटली मिळवायला पाठवतो. त्यांच्या हातात ब्रश देऊन पंधरा मिनिटं शिकवायला आपल्याला वेळ का मिळू नये?

शेवटचा आक्षेप मला सगळ्यात जास्त टोचतो : दहा बाय बाराच्या खोलीत, पाणी ठरलेल्या वेळेलाच येतं अशा वस्तीत, हे असले लाड कोण पुरवणार? जो हे म्हणतो त्यानं अशा खोलीत पेशंट सांभाळणाऱ्या बाईला बघितलेलं नाही. ती एअर बेड भाड्यानं आणते, तासाच्या हिशेबानं नळीतून दूध घालते, लघवीची पिशवी रिकामी करते, दर दोन तासांनी कूस बदलते, आणि मधल्या वेळात घरकामाला जाऊन येते. ज्यांना परवडतं ते ब्युरोमधून मावशी किंवा वॉर्डबॉय ठेवतात, आणि त्यांनाही तोंडाबद्दल कुणी काही शिकवलेलं नसतं. या बायांकडे कष्टाची कमी नाही. त्यांना सांगणारं कुणी नाही, इतकंच. एक मऊ ब्रश, एक वाटी पाणी, थोडं गॉज आणि एक टॉवेल यात न परवडण्यासारखं काय आहे? उलट ज्या घराला दुसऱ्यांदा आयसीयूचं बिल भरणं शक्यच नाही, त्या घराला तोंडाच्या सफाईची गरज सगळ्यात जास्त आहे. हे लाड आहेत असं म्हणणारा माणूस गरिबाच्या न्यूमोनियाला स्वस्त समजतो.

आणि लाडाचंच बोलायचं तर माणसाच्या मानाचंही बोलू. अस्वच्छ तोंडाला दुर्गंधी येते. ती खोलीभर पसरते. नातवंडं जवळ येईनाशी होतात, भेटायला आलेले दारातूनच विचारपूस करून जातात, बायकोही बोलताना मान वळवते. मेंदूच्या इजेतून सावरताना माणसाला ओळखीचे चेहरे, स्पर्श, आवाज यांची गरज असते, आणि नेमकी तीच माणसं दूर जातात. बोलणं आणि गिळणं पुन्हा शिकवायला आलेल्या थेरपिस्टलाही स्वच्छ, ओलसर, न दुखणारं तोंड लागतं. सुजलेल्या हिरड्या आणि खपल्या धरलेली जीभ घेऊन कुणी पहिला शब्द कसा उच्चारेल? तोंडाची निगा हा पुनर्वसनाचा नंतरचा टप्पा नाही, बाकीचे टप्पे तिच्यावरच उभे राहतात.

म्हणून मागण्या नेमक्या करतो. भरतीनंतर पहिल्या चोवीस तासांत टॉर्च लावून तोंड बघा आणि हलता दात, तुटका दात, कवळी, जखम यांची केसपेपरवर नोंद करा. तोंडानं पहिला घास देण्याआधी गिळण्याची तपासणी करा. कूस बदलल्याची नोंद जशी ठेवतात तशी ब्रश केल्याची नोंद खाटेशी ठेवा, वेळ आणि सहीसकट. आठवड्यातून एकदा दंतवैद्याची किंवा इंटर्नची फेरी लावा. डिस्चार्जच्या आधी नातेवाइकाकडून एकदा करून घ्या, नुसतं सांगून सोडू नका. डिस्चार्जच्या कागदावर औषधांच्या खाली तोंडाच्या काळजीची ओळ छापलेलीच असू द्या. घरभेटी देणाऱ्या पालिकेच्या आरोग्यसेविकांना हे शिकवा आणि अशा घरांत पाठवा. यातल्या एकाही गोष्टीला नवी इमारत लागत नाही, नवं यंत्र लागत नाही, परदेशी औषध लागत नाही.

हे सगळं प्रशासनानं करेपर्यंत वाट बघायची गरज नाही. तुमच्या घरातलं माणूस असं वॉर्डात असेल तर आजच विचारा : तोंड कशानं साफ करायचं, दिवसातून किती वेळा, कुठल्या स्थितीत, आणि काय झालं तर लगेच परत यायचं? ‘जीव वाचला ना’ असं कुणी म्हणालं तर म्हणा, वाचलाय, म्हणूनच विचारतोय. चारही उत्तरं कागदावर लिहून मिळाल्याशिवाय आणि एकदा तुमच्या हातानं करून बघितल्याशिवाय डिस्चार्ज घेऊ नका.